‘तो’चे ‘ते’ होताना

मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर एक अलिखित रिवाज आहे. खेळाडू ‘तो’ असतो आणि प्रशिक्षक ‘ते’. सचिननं शतक ठोकलं, असं छापून येतं. आचरेकर सरांनी समाधान व्यक्त केलं, असंही त्याच पानावर येतं. खेळाडू कितीही मोठा झाला तरी मैदानात आहे तोवर एकवचनीच. ज्या दिवशी तो गळ्यात शिट्टी अडकवून चुन्याच्या रेषेबाहेर उभा राहतो, त्या दिवसापासून त्याचं क्रियापद बदलतं. व्याकरणाला यासाठी एक दिवस पुरतो. माणसाला किती लागतात, हे पाहायचं तर खालिद जमील या फुटबॉलपटूची, आणि पुढे प्रशिक्षकाची, कारकीर्द पाहावी. १ ऑगस्ट २०२५ रोजी ते भारतीय पुरुष फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याआधी १३ वर्षं या खुर्चीवर एकही भारतीय माणूस बसला नव्हता.

बीडच्या वाचकानं याच्याशी काय घेणंदेणं ठेवावं, हा प्रश्न रास्त आहे. हा जिल्हा काही फुटबॉलचा नाही. इथला अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याहून निघून तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ साली राष्ट्रकुलचं रौप्य आणि २०२३ साली आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकून आला. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ साली राष्ट्रकुल सुवर्ण आणि पुढच्याच वर्षी जागतिक कुस्ती स्पर्धेचं कांस्य मिळवलं. सचिन धसनं २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा करून बीडचं नाव टीव्हीवर आणलं. फुटबॉलच्या खात्यावर असं एकही नाव नाही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरणार म्हणून, राज्यभरच्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा सरकारी उपक्रम झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांच्या पायाला पहिल्यांदा खराखुरा फुटबॉल लागला. नंतर तो चेंडू बहुतेक ठिकाणी क्रीडासाहित्याच्या कपाटात गेला.

पण खेळाडूचा गुरू होणं म्हणजे काय, हे मात्र बीडला कुणी शिकवायला नको. कुस्तीनं त्यासाठी एक शब्दच देऊन ठेवला आहे: वस्ताद. राहुल आवारे ज्यांच्या पुण्यातल्या तालमीत घडला ते काका पवार स्वतः अर्जुन पुरस्कार मिळवलेले मल्ल. अंगाला लागलेली माती झटकून ते हौदाच्या काठावर उभे राहिले आणि दुसऱ्याच्या अंगाला माती लावू लागले. वस्ताद हा सगळ्यांत मोठा पैलवान असलाच पाहिजे असं नसतं. त्याला डाव दिसावा लागतो, पोराचा स्वभाव कळावा लागतो आणि खुराकाचा खर्च कुठून काढायचा याची विवंचना करावी लागते. कोल्हापुरात फुटबॉल रुजला तो याच वाटेनं. तिथल्या संघांची नावं आजही पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ अशी आहेत. कुस्तीच्या हौद्यातून फुटबॉलच्या मैदानात जाताना त्या शहरानं ‘तालीम’ हा शब्द मागं सोडला नाही.

आणखी एक जुना धागा आहे. तो बीडमध्ये फारसा कुणी ओढून पाहत नाही. भारतीय फुटबॉलचा सर्वांत मोठा प्रशिक्षक ज्या राज्यात घडला, त्याच राज्यात बीडही होतं. सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे. पेशानं शिक्षक, तरुणपणी स्थानिक संघांतून खेळलेले. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं मुंबईच्या कूपरेजवर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा बीड हैदराबाद राज्याचाच एक जिल्हा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि बरोबर एका महिन्यानं, १ डिसेंबरला, रहीम यांच्या भारतीय संघानं मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्या सामन्यात मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझानं तीन गोल केले. भारत त्या स्पर्धेत चौथा आला; ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याहून वर तो कधीच गेला नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ असं नमवून सुवर्ण आणणारे रहीम पुढच्याच जूनमध्ये कर्करोगानं गेले. अजय देवगणच्या ‘मैदान’ या चित्रपटामुळे हे नाव अलीकडे पुन्हा कानावर आलं, एवढं तरी झालं.

रहीम यांच्यानंतर ही खुर्ची बऱ्याच हातांतून फिरली. गेल्या २०-२२ वर्षांत ती मुख्यतः परदेशी माणसांकडे राहिली. ती चुकीची माणसं होती असं नाही. पण भारतीय खेळाडू निवृत्त झाल्यावर त्याला या खुर्चीपर्यंत नेणारा रस्ताच कुणी बांधला नाही. जमील यांची गोष्ट या कच्च्या रस्त्याची आहे.

आधी ‘तो’.

खालिद जमील २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये जन्मला. घर पंजाबी, वडील नोकरीनिमित्त आखातात. फ्रान्सचा मिशेल प्लातिनी हा त्याचा लहानपणचा आदर्श. आखाती युद्धाच्या सुमारास कुटुंब भारतात आलं आणि पोरगा मुंबईच्या मैदानांवर वाढला. मधल्या फळीत खेळायचा. महिंद्र युनायटेड, मग एअर इंडिया, मग पुन्हा महिंद्र, असा त्याचा प्रवास झाला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो भारतीय संघात आला, पण तिथं फार काळ टिकला नाही. त्या काळातला मुंबईचा फुटबॉल कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या संघांवर उभा होता. नोकरीची हमी, ठराविक पगार, दुपारनंतर सराव. वैभव म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पण घर चालायचं.

त्याच्या खेळाबद्दल आज फारसं कुणाला आठवत नाही. त्याच्या एका नकाराबद्दल मात्र आठवतं. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या कोलकात्याच्या दोन्ही बड्या क्लबांचं आमंत्रण त्याला आलं होतं. तेव्हा दोन्हींच्या सदऱ्यांवर मद्य कंपनीचं नाव होतं. ते अंगावर घालायचं नाही म्हणून त्यानं दोन्हींना नाही म्हटलं. भारतीय फुटबॉलपटूच्या आयुष्यात याहून मोठी बोलावणी तेव्हा नव्हती. पुढे काळानं असा काही फासा टाकला की हाच माणूस या दोन्ही क्लबांचा प्रशिक्षक झाला. पण ते नंतर.

२००५-०६ मध्ये महिंद्र युनायटेडनं राष्ट्रीय लीग जिंकली. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा, स्वतः साळगावकर क्लबचे आणि भारताचे जुने बचावपटू. म्हणजे जमीलनं विजेतेपद पाहिलं तेही खेळाडूचा प्रशिक्षक झालेल्या एका माणसाच्या हाताखाली. मग दुखापतींनी त्याला गाठलं. २००७ साली स्थापन झालेल्या मुंबई एफसी या नव्या क्लबात तो गेला खरा, पण त्याचं शरीर साथ देईना. २००९ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यानं बूट उतरवले. इंग्लंडचे डेव्हिड बूथ तेव्हा मुंबई एफसी सांभाळत होते. ते गेल्यावर क्लबानं त्यांची जागा जमीलला दिली.

इथून पुढे ‘ते’.

कालपर्यंत ज्यांच्याबरोबर कपडे बदलण्याच्या खोलीत थट्टामस्करी केली, त्यांनाच उद्यापासून बाकावर बसवायचं, हे काम ३२ व्या वर्षी सोपं नसतं. जमील यांनी ते सात हंगाम केलं. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये प्रशिक्षक दोन हंगाम टिकला तरी लोक तोंडात बोटं घालतात, म्हणून हा आकडा लक्षात ठेवावा. मुंबई एफसीकडे पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू कमी, प्रेक्षक त्याहून कमी. कूपरेजचं नूतनीकरण चालू असताना तर मुंबईचा हा संघ आपले ‘घरचे’ सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळत होता. अशा संघाचं दर वर्षीचं ध्येय एकच असायचं: खालच्या श्रेणीत ढकललं जायचं नाही. जमील यांनी सातही वेळा संघ वाचवला. त्याबद्दल चषक मिळत नाही, बातमीही होत नाही. दुष्काळी वर्षात बियाणं वाचवून ठेवणाऱ्या शेतकऱ्याचा सत्कार कोण करतं?

खेळ कसा होता? सुंदर नव्हता, हे सरळ सांगून टाकावं. मागं चार, मधे चार, दोघांतलं अंतर कमी, चेंडू मिळाला की लांब पुढे, कॉर्नर आणि फ्री किक यांच्यावर भिस्त. समोरचा संघ चेंडू घेऊन नाचत असेल तर नाचू द्यावा, आपल्या गोलपुढं मात्र दाटीवाटी ठेवावी. जाणकार नाकं मुरडत. पण ज्याच्याकडे पाच उत्तम खेळाडू आहेत त्याच्यासाठी एक खेळ असतो आणि ज्याच्याकडे एकही नाही त्याच्यासाठी दुसरा. जमील यांनी सात वर्षं दुसऱ्या खेळाची उजळणी केली. २०१६ साली त्यांना काढण्यात आलं. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून खाली घसरला आणि त्यानंतर क्लबच बंद पडला.

त्याच सुमारास मिझोरामच्या राजधानीत, ऐजॉलमध्ये, एक संघ मरता मरता वाचला होता. ऐजॉल एफसी २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला होता. पण गोव्याच्या क्लबांनी लीगच्या नव्या आराखड्यावर नाराज होऊन अंग काढून घेतलं, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐजॉलला परत बोलावणं आलं. मागच्या दारानं आत आलेल्या या संघाचं सगळं बजेट दोनेक कोटी रुपयांचं असल्याचं तेव्हा छापून येत होतं. बड्या क्लबांत एवढ्यात मोजकेच खेळाडू येतात. क्लबाचे मालक रॉबर्ट रोमाविया रॉयटे यांनी नोकरी गेलेल्या जमील यांना बोलावलं.

जमील एकटे गेले नाहीत. मुंबई एफसीतले आशुतोष मेहता आणि जयेश राणे त्यांच्याबरोबर ऐजॉलला उतरले. बीडच्या वाचकाला हे चित्र उभं करायला फार शब्द लागू नयेत. दिवाळीच्या आगेमागे मुकादम टोळी जमवतो, कोण किती मोळ्या टाकू शकतो हे त्याला तोंडपाठ असतं, आणि अनोळखी मुलखातल्या कारखान्यावर तो भरवशाची माणसं घेऊन उतरतो. ही तुलना इथंच सोडावी, कारण मुकादमाच्या उचलीचा हिशेब वेगळा आणि कडू असतो. पण आपली दोन-चार माणसं जवळ असल्याशिवाय परक्या गावात काम उभं राहत नाही, ही समज दोन्हीकडे सारखी आहे. बाकीचा संघ मिझो पोरांचा. डोंगरउतारावरच्या मैदानांत खेळून दम कमावलेली, वेगानं पळणारी आणि मोठ्या नावांना न बिचकणारी पोरं. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान.

२२ एप्रिल २०१७. आदल्याच दिवशी जमील यांनी चाळिशी गाठली होती. ऐजॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर मोहन बागान समोर. दोघेही विजेतेपदाच्या शर्यतीत. सामना गोलशून्य चालला होता. ८३ व्या मिनिटाला बचावपटू झोमिंगलियाना राल्टेनं डोकं लावलं आणि चेंडू जाळ्यात गेला. आठ दिवसांनी, ३० एप्रिलला, शिलाँग लाजाँगविरुद्ध शेवटचा सामना. ऐजॉलला एक गुण हवा होता. नवव्या मिनिटालाच लाजाँगच्या डिपांडा डिकानं गोल केला. तिकडे कोलकात्यात बागान आपला सामना जिंकण्याच्या वाटेवर होता. तासभर ऐजॉलचा जीव टांगणीला लागला. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली, आणि मग उरलेला वेळ सगळा संघ आपल्या गोलपुढं उभा राहिला. सात वर्षं जे घोटलं होतं ते इथं कामाला आलं. १८ सामन्यांत ऐजॉलचे ३७ गुण, बागानचे ३६. ईशान्य भारतातला एखादा क्लब देशाचा विजेता होण्याची ही पहिलीच वेळ.

या विजयावर लिहिताना बऱ्याच जणांनी ‘चमत्कार’ हा शब्द वापरला. इंग्लंडमध्ये आदल्या वर्षी लेस्टर सिटीनं अशीच लीग जिंकली होती, तेव्हा तिचीही उपमा दिली गेली. चमत्कार म्हटलं की कारणं शोधायची जबाबदारी टळते. खरं तर हिशेब समोर होता. एक प्रशिक्षक, ज्यानं सात वर्षं कमी पैशांत कमी गोल खायचं तंत्र बसवलं होतं, आणि एक राज्य, जिथं दर गल्लीत फुटबॉल खेळला जातो. दोघांची गाठ पडायची तेवढी राहिली होती.

मग कोलकाता. ईस्ट बंगालनं त्यांना घेतलं तेव्हा मानधनाचा आकडा सव्वा कोटी छापून आला; म्हणजे ऐजॉलच्या अख्ख्या संघावर झालेल्या खर्चाच्या निम्म्याहून जास्त. कोलकाता लीग जिंकली, पण ती ईस्ट बंगालची सलग आठवी होती, त्यामुळे तिचं कौतुक जेमतेम झालं. आय-लीगमध्ये संघ चौथा आला. तिथं रोज सकाळी सराव पाहायला कॅमेरे, रोज संध्याकाळी जुन्या खेळाडूंची मतं, आणि प्रशिक्षक असा की तीन प्रश्नांना मिळून एक वाक्य बोलणार. गाठ जमली नाही. पुढच्या मोसमात, जानेवारी २०१९ मध्ये, मोहन बागाननं त्यांना मधूनच बोलावलं. संघ पाचवा राहिला आणि तेही प्रकरण तिथंच संपलं. ज्या दोन दारांना त्यांनी तरुणपणी नाही म्हटलं होतं, त्या दोन्ही दारांतून ते दोन वर्षांच्या आत बाहेर पडले. श्रीमंत संघाला घाई असते आणि जमील यांची पद्धत उसंत मागते, हे एक कारण. दुसरं असं की ज्यांना जिंकण्याची सवय आहे त्यांना ‘आधी हरू नका’ हे सांगणं पटत नाही. या दोन वर्षांत प्रशिक्षक म्हणून ते कमी पडले, असंच म्हणावं लागेल.

इथं थोडं थांबून ‘प्रभारी’ या शब्दाकडे पाहायला हवं. सरकारी कचेऱ्यांशी ज्याचा संबंध आला आहे त्याला तो नीट माहीत असतो. साहेबांची बदली होते, नवे साहेब येत नाहीत, तोवर खालचा माणूस कारभार पाहतो. काम सगळं करतो, सही करतो, शिव्याही खातो. फक्त पाटीवर नाव चढत नाही. इंडियन सुपर लीगमध्ये भारतीय प्रशिक्षकांचं बरीच वर्षं हेच चाललं होतं. २०१४ साली लीग सुरू झाली तेव्हा आठही संघांचे मुख्य प्रशिक्षक परदेशी होते. त्यात ब्राझीलचे झिको होते, इटलीचा मार्को माटेराझ्झी होता, इंग्लंडचा गोलरक्षक डेव्हिड जेम्स होता. शेवटचे दोघे तर खेळाडूही होते आणि प्रशिक्षकही, एकाच हंगामात. म्हणजे खेळाडूनं प्रशिक्षक होण्याला कुणाची हरकत नव्हती. तो भारतीय असण्यालाच अडचण होती. साहेब मोसमाच्या मध्यात गेले की सहायकाला ‘हंगामी’ म्हणून उभं करायचं, हा शिरस्ता पडला.

वास्तविक गोव्यात अशी माणसं तयार होती. आर्मांदो कोलासो यांनी धेंपो क्लबाला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. एवढं दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही. डेरिक परेरा होते. सावियो मदेरा यांच्या हाताखाली भारतानं २०११ च्या डिसेंबरात सॅफ स्पर्धा जिंकली होती. पण २०१२ साली ते गेले आणि भारतीय प्रशिक्षकाचा अध्याय तिथंच मिटला. धेंपोचा जुना खेळाडू क्लिफर्ड मिरांडा यानं तर एप्रिल २०२३ मध्ये ओडिशा एफसीचा हंगामी प्रशिक्षक म्हणून सुपर कप जिंकून दाखवला. त्यानंतरही मुख्य प्रशिक्षकाची जागा परदेशी माणसालाच गेली.

जमील यांनी ‘प्रभारी’पण सर्वांत चिकाटीनं निभावलं. बागान सोडल्यावर ते इंडियन सुपर लीगमधल्या, गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक झाले. देशाचं विजेतेपद मिळवलेल्या माणसानं दोन पायऱ्या खाली उतरणं सोपं नसतं, आणि ते त्यांनी गाजावाजा न करता केलं. जानेवारी २०२१ मध्ये स्पेनचे जेरार्ड नूस यांना क्लबानं काढलं. ११ सामन्यांत १२ गुण होते. करोनामुळे सगळी लीग गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर चालली होती. जमील यांनी उरलेल्या नऊ साखळी सामन्यांत सहा जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, एकही हरले नाहीत. संघ ३३ गुणांसह बाद फेरीत गेला. भारतीय प्रशिक्षकानं तिथवर मजल मारण्याची ती पहिली वेळ. उपांत्य फेरीत एटीके मोहन बागाननं हरवलं. पुढच्या मोसमाआधी क्लबानं त्यांना पूर्ण वेळ मुख्य प्रशिक्षक केलं, हेही या लीगमध्ये भारतीयाच्या बाबतीत प्रथमच. आणि मग? ११ संघांत दहावा क्रमांक. खुर्ची मिळाली आणि वर्षभरात गेली.

२०२३ साली ते बंगळुरू युनायटेडला, म्हणजे दोन श्रेणी खाली, काम करत होते. वर्षाच्या शेवटच्या दिवशी जमशेदपूर एफसीनं त्यांना घेतलं. टाटांचं शहर, भरणारं मैदान, पण संघ तळाशी घुटमळणारा. पुन्हा तोच ओळखीचा तुटवडा आणि पुन्हा तेच जमील. २०२४-२५ मध्ये जमशेदपूर ३८ गुणांसह पाचवा आला, बाद फेरीत नॉर्थईस्टला २-० नमवलं आणि उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात विजेत्या मोहन बागानला २-१ असा धक्का दिला. दुसऱ्या सामन्यात, भरपाई वेळेत, आपुइयाच्या गोलनं त्यांची वाट अडवली. मे महिन्यात सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवानं ३-० असं हरवलं. चषक हाताला लागला नाही, पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं सलग दोन वर्षं त्यांना देशातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं.

राष्ट्रीय संघाची जागा निघाली ती वाईट दिवसांत. स्पेनचे मनोलो मार्केझ पायउतार झालेले, जागतिक क्रमवारीत भारत १३३ वा. अर्ज मात्र १७० आले. त्यांत बार्सिलोनाच्या झावीच्या नावाचाही एक होता. दोन दिवस देशभर चर्चा झाली आणि मग तो अर्ज खोटा असल्याचं महासंघानं जाहीर केलं. या तमाशातून बाहेर पडून शेवटी नाव ठरलं ते एका अबोल माणसाचं.

पहिली परीक्षा ताजिकिस्तानातल्या एका स्पर्धेत. २९ ऑगस्ट २०२५ रोजी हिसोर इथं यजमानांशी सामना. मोहन बागाननं आपले खेळाडू सोडले नव्हते, सुनील छेत्रीला जमील यांनीच घरी ठेवलं होतं. पाचव्या मिनिटाला उवैसनं फेकलेल्या लांब थ्रोइननंतर अन्वर अलीनं डोक्यानं गोल केला, तेराव्या मिनिटाला संदेश झिंगननं दुसरा. भारत २-१ असा जिंकला. ज्यांनी मुंबई एफसीचे सामने पाहिले होते त्यांना हे गोल ओळखीचे वाटले असतील. इराणनं पुढे ३-० असं हरवलं, झिंगन जखमी झाला, अफगाणिस्तानशी बरोबरी झाली. पण ८ सप्टेंबरला तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानसमोर मागं पडूनही उदांता सिंगनं बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये गुरप्रीतनं शेवटचा फटका अडवला. क्रमवारीत कितीतरी वर असलेला संघ हरला होता. पुढच्याच आठवड्यात, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी रेल्वे सुटली. त्या गर्दीत ओमानच्या सामन्याबद्दल कुणी बोलत असेल असं वाटत नाही, आणि त्यात काही वावगंही नाही.

आनंद टिकला जेमतेम महिनाभर. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये रहीम अलीनं ९० व्या मिनिटाला गोल करून १-१ अशी बरोबरी मिळवून दिली. पाच दिवसांनी मडगावात, घरच्या प्रेक्षकांसमोर, छांगतेनं आघाडी मिळवूनही भारत सिंगापूरकडूनच १-२ असा हरला आणि आशियाई चषकाचं दार बंद झालं. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशनंही १-० असं नमवलं. भारताला त्यांनी हरवलं ते २२ वर्षांनी. टीका झाली, व्हायलाच हवी होती. मडगावचा सामना जमील यांच्या पद्धतीची मर्यादा दाखवणारा होता: आघाडी सांभाळून बसण्याचा डाव तेव्हाच चालतो, जेव्हा मागचे खेळाडू वर्षानुवर्षं एकत्र घोटलेले असतात. क्लबात तशी वर्षं मिळतात. राष्ट्रीय संघात खेळाडू दहा दिवसांसाठी येतात आणि पांगतात.

त्यातून त्या वर्षी पांगायलाही जागा उरली नव्हती. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आल्यानं इंडियन सुपर लीगचा हंगाम लटकला, काही क्लबांनी सराव थांबवला, खेळाडू घरी बसून राहिले. म्हणजे निवडायचं कुणाला तर ज्यांना सामनेच नाहीत त्यांना. जमील यांच्या वाट्याला आलेल्या तुटवड्यांत हा सर्वांत मोठा म्हणायला हवा.

या कारकिर्दीकडे यशाची शिडी म्हणून पाहणारा वाचक गोंधळून जाईल. तिच्यात वर जितक्या पायऱ्या आहेत तितक्याच खाली. मुंबई, ऐजॉल, गुवाहाटी, जमशेदपूर इथं जे जमलं ते कोलकात्यात दोनदा जमलं नाही. भारतीय संघ या दोन्हींपैकी कशासारखा आहे, मोठ्या नावाचा की रिकाम्या खिशाचा, यावर पुढचं सगळं अवलंबून राहील. त्याचा निवाडा आत्ताच करणं उतावीळपणाचं ठरेल. वस्तादाला कुणी एका जत्रेवरून जोखत नाही. ढाक्यातला सामना संपला तेव्हा खालिद जमील यांच्या नेमणुकीला साडेतीन महिने झाले होते.